नवलूरचे पेरू : बागेच्या दारात जाऊन खरेदी कशी करावी

दिवाळी झाली की आपल्या मंडळात हे प्रश्न हमखास निघतात. नवलूरला पेरू घ्यायला केव्हा जायचे? बागेत आत सोडतात का? भाव काय म्हणतात? पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेली मुले, जावई आणि नातवंडे यांना घेऊन अर्धा दिवस कुठे घालवावा, हा प्रश्नही त्याला जोडूनच येतो. आम्ही बँकेच्या नोकरीत असताना पीककर्जाच्या पाहणीसाठी या बागांमधून हिंडलो. निवृत्तीनंतर आम्ही उभयता पिशवी घेऊन गिऱ्हाईक म्हणून जातो. या दोन्ही अनुभवांतून जे कळले ते सभासदांच्या उपयोगासाठी येथे एकत्र मांडत आहोत.

नवलूर कुठे आणि कसे जावे

हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये साधारण वीस किलोमीटरचे अंतर आहे. त्या वाटेवर, धारवाडला अधिक जवळ, नवलूर आहे. 1962 साली दोन्ही शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली. नवलूर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते, म्हणून कागदोपत्री ते शहरच. पण मुख्य रस्ता सोडून आत वळले की घरे, गोठे, बांध आणि बागा लागतात.

स्वतःची गाडी नसली तरी अडचण नाही. दोन शहरांमध्ये धावणाऱ्या 'चिगरी' बसचा नवलूरला थांबा आहे. रेल्वेने यायचे असल्यास नवलूर नावाचे छोटे स्टेशनही आहे, मात्र तिथे मोजक्याच पॅसेंजर गाड्या थांबतात. बसच्या थांब्यापासून बागांपर्यंत थोडे चालावे लागते. ज्येष्ठ सभासदांनी रिक्षा करावी आणि परतीचे आधीच बोलून ठेवावे.

पेरूविषयी थोडी माहिती

पेरू हे मूळचे आपले फळ नव्हे. ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. पोर्तुगीजांच्या काळात ते आपल्या किनाऱ्याला लागले. नाशपातीसारख्या फळाला पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणतात, त्यावरून मराठीत 'पेरू' झाला आणि आपल्या भागातल्या कानडीत 'पेरल'. म्हैसूर-बेंगळुरूकडे हेच फळ 'सीबे' होते. त्या नावाने मागितले तर नवलूरची आजी तुम्हाला परगावचे समजेल.

भारतात सर्वांत जास्त लागवड असलेल्या जातींमध्ये 'अलाहाबाद सफेदा' आणि 'सरदार' या दोन येतात. सरदारचे दुसरे नाव 'लखनौ-49'. नावावरून ती उत्तर प्रदेशातली वाटते, पण तिची निवड पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी 1927 साली केली. लखनौहून आणलेल्या बियांपासून झालेल्या रोपांतले हे झाड, म्हणून हे नाव. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे दोनशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. तेवढ्याच संत्र्यात ते पन्नासच्या आसपास भरते.

केव्हा जावे

पेरूला वर्षातून तीन वेळा फुले येऊ शकतात. माघ-फाल्गुनात फुले आली तर तो आंबे बहार. त्याची फळे पावसाळ्यात येतात. मृगाच्या सुमारास फुले आली तर मृग बहार, आणि त्याची फळे साधारण नोव्हेंबर ते जानेवारी मिळतात. पावसाळ्याच्या शेवटी फुले आली तर हस्त बहार, त्याची फळे उन्हाळ्याच्या तोंडावर. तिन्ही बहार धरले तर झाड दमते आणि फळ लहान राहते. म्हणून जाणता बागाईतदार पाणी तोडून आणि छाटणी करून आपल्याला हवा तो एकच बहार धरतो.

खाणाऱ्याच्या दृष्टीने मृग बहार सर्वांत चांगला. थंडीत फळ सावकाश भरते, गोडी आणि वास दोन्ही येतात. पावसाळी फळ पाणचट असते आणि त्यात फळमाशीच्या अळ्या निघण्याची शक्यता जास्त. श्रावणात पेरू नेऊन फसलात तर बागवाल्याला दोष देऊ नका, तो ऋतूचा दोष आहे.

वेळ सकाळची धरावी. तोडणी पहाटे सुरू होते आणि आठ-नऊपर्यंत पाट्या भरून दारात येतात. दुपारी गेल्यास निवडून उरलेला माल मिळतो.

बागेच्या दारातला बाजार कसा असतो

ज्याला आपण बाजार म्हणतो तो इथे म्हणजे झाडाखाली पसरलेले पोते, दोन-चार बुट्ट्या, एक तराजू आणि त्यामागे बसलेले घरातले एक माणूस, बहुधा घरातली थोरली बाई. तोडणी मुलगा आणि सून करतात, निवड आजी करते, शाळा नसेल त्या दिवशी पैसे नातू मोजतो. आता बुट्टीला टेकवून ठेवलेला क्यूआर कोडही दिसतो. तरी सुटे पैसे जवळ असू द्यावेत.

रस्त्याकडेला बसलेला प्रत्येक विक्रेता बागवालाच असतो असे मात्र नाही. पुष्कळदा बाग फुलोऱ्यातच व्यापाऱ्याला मक्त्याने दिलेली असते. कुटुंबाला ठोक रक्कम आधी मिळते आणि पुढचा नफा-तोटा मक्तेदाराचा. गरजेच्या वेळी हाती पैसा येतो म्हणून हे केले जाते, त्यात गैर काही नाही. पण आपल्याला घरच्या माणसांकडूनच घ्यायचे असेल तर काही खुणा पाहाव्यात. फळाला देठ आणि एखादे पान असते. लहानमोठी फळे एकत्र असतात. आणि "झाड किती वर्षांचे?" असे विचारले की उत्तर लगेच मिळते. फोमच्या जाळीत गुंडाळलेले, सगळे एका मापाचे मोठे पेरू दिसले तर ते बहुधा दुसरीकडून आणलेले असतात. तेही चांगले असू शकतात, पण त्यासाठी नवलूरपर्यंत जाण्याचे कारण नाही.

भावाचा हिशेब

आता आमच्या विषयाकडे येतो. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत, भाव दर हंगामात बदलतो.

समजा, शहरातल्या दुकानात पेरू 80 रुपये किलो आहे. त्यात दुकानदाराचा नफा आणि त्याच्याकडे सडून जाणारा माल, अडत्याची दलाली, हमाली आणि वाहतूक हे सर्व धरले आहे. ते वजा जाता बागवाल्याच्या हाती 35 रुपये पडतात असे समजू. तोच पेरू बागेच्या दारात 60 रुपयांना घेतला तर आपले 20 वाचतात आणि त्याला 25 जास्त मिळतात. दोघांच्याही फायद्याचा असा व्यवहार फार थोडा आढळतो.

पण हे 25 रुपये निव्वळ नफा नव्हेत, हे आम्हाला उशिरा कळले. दारात विकायचे तर घरातले एक माणूस दिवसभर तिथे बसते. गिऱ्हाईक आले नाही तर संध्याकाळी उरलेला माल पडत्या भावात द्यावा लागतो. अडत्याकडे निदान सगळी गाडी एका वेळी उतरते.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही जावयांना घेऊन एका बागेत गेलो होतो. आजींनी 60 सांगितले. आम्ही घासाघीस करून 45 ला आणले, पाच किलो घेतले आणि परतताना गाडीत त्याचे कौतुकही करून घेतले. आजी काही बोलल्या नाहीत. वर दोन पेरू नातवासाठी म्हणून पिशवीत टाकले.

पुढच्या खेपेला त्यांची नात तिथे होती. ती बी.कॉम.ला होती. आम्हीही बी.कॉम. आणि बँकेतले, हे कळल्यावर तिने कॉलेजच्या प्रकल्पासाठी मांडलेला बागेचा जमाखर्च आम्हाला दाखवला. खत, फवारणी, छाटणीची मजुरी, पाण्याची मोटर, सगळे नीट लिहिले होते. आम्ही विचारले, "यात आजींची मजुरी कुठे आहे?" ती हसून म्हणाली, "घरच्या माणसांना कुठं पगार असतो का, काका?"

हे उत्तर आम्हाला नवे नव्हते. नोकरीच्या सगळ्या वर्षांत शेतकऱ्यांचे अर्ज तपासताना हा प्रश्न आम्ही एकालाही विचारला नव्हता. केंद्र सरकारचा कृषी मूल्य आयोग पिकांचा उत्पादनखर्च काढतो तेव्हा त्याच्या पायऱ्या असतात. 'ए-2' म्हणजे प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की 'ए-2 अधिक एफएल'. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि भांडवलावरचे व्याज धरले की 'सी-2'. हमीभावाच्या वादात ही नावे वर्तमानपत्रांत येतात. पेरूला तर हमीभावच नाही. त्याचा भाव आजी आणि आपण झाडाखाली उभे राहून ठरवतो.

त्या दिवशी घरी येऊन आम्ही मागचा हिशेब पुन्हा केला. किलोमागे 15 रुपये, पाच किलोंचे 75. खत-औषधाचा दुकानदार काही त्याचे पैसे कमी करणार नव्हता. म्हणजे आम्ही वाचवलेले 75 रुपये पहाटेपासून राबलेल्या आजींच्या न लिहिलेल्या मजुरीतून आले होते. तेव्हापासून बागेच्या दारात आम्ही चांगल्या मालाचा भाव पाडून मागत नाही.

मग भाव मुळीच करू नये का? करावा, पण योग्य ठिकाणी. दिसायला डागी पण आतून चांगली फळे वेगळी मागावीत, ती कमी भावात आनंदाने देतात. एकदम दहा किलो घेणार असाल तर तसे सांगावे. चार घरांनी मिळून एक गाडी नेली तर बागवाल्याचा निम्मा दिवस वाचतो, आणि भाव तोच आपणहून कमी करतो.

वागण्याचे काही नियम

महाराष्ट्रात कृषी पर्यटनाचे सरकारी धोरण 2020 साली आले. तिथल्या केंद्रांत ठरावीक पैसे भरले की शिवारफेरी, जेवण, हुरडा असे सगळे मिळते. नवलूरच्या बागेत तिकीट नसते. त्यामुळे आपण गिऱ्हाईक कमी आणि पाहुणे जास्त असतो. तेव्हा :

1. विचारल्याशिवाय बागेत आत जाऊ नये आणि मुलांना झाडावर चढू देऊ नये. पेरूची फांदी चिवट असली तरी कोवळे फूट मोडले की पुढचा बहार जातो.

2. फळ दाबून पाहू नये. बोटाचा ठसा लागलेले फळ दुसऱ्या दिवशी काळे पडते. रंग आणि वास यांवरून ओळखावे. गर्द हिरवा उतरून फिकट पोपटी झाला की फळ तयार समजावे.

3. नुकती फवारणी झाली आहे का, हे विचारावे. झाडावरचे फळ तोडून तसेच तोंडात घालू नये. आधी धुवावे.

4. पिशव्या घरून न्याव्यात. बागेत प्लॅस्टिक टाकून येऊ नये.

5. फोटो काढण्यापूर्वी माणसांना विचारावे.

आणखी एक गोष्ट लिहावीशी वाटते. आपल्यातल्या पुष्कळ घरांच्या या भागात एकेकाळी जमिनी होत्या. कर्नाटकातल्या जमीन सुधारणा कायद्यात 1974 साली मोठी दुरुस्ती झाली आणि त्या कसणाऱ्या कुळांच्या नावावर गेल्या. त्याची सल काही घरांत अजून आहे. आमच्या घरातही वडिलांच्या पिढीला होती. पण बागेत उभे राहून "हे सगळं आमचंच होतं" असे नातवंडांना सांगणारे लोक आम्ही पाहिले आहेत, आणि ऐकणाऱ्या कुटुंबाचे चेहरेही. ज्या हातांनी झाड वाढवले त्यांच्यासमोर हे बोलणे शोभत नाही.

पाहुण्यांसाठी चार कानडी शब्द

आपल्याला हे सांगायची गरज नाही, पण परगावाहून आलेल्यांना शिकवावेत. दोन शब्द जरी बोलले तरी समोरचा माणूस खुलतो.

पेरलहण्णु : पेरू
तोट : बाग
काई : कच्चे फळ
हण्णु : पिकलेले फळ
एष्ट्री? : केवढ्याला?
कोड्री : द्या
चीला : पिशवी
बर्तीवरी : येतो आम्ही

वयस्क बाईला 'अज्जी', मधल्या वयाच्या बाईला 'अक्का' आणि पुरुषाला 'अण्णा' किंवा आपल्यासारखेच 'काका' म्हणावे. धारवाडी बोलीतला शेवटचा 'री' विसरू नये. तो नसला तर एकेरीत बोलल्यासारखे होते.

घरी आणल्यावर

गाभुळलेले पेरू घरात दोन ते चार दिवसांत पिकतात, म्हणून सगळे पिकलेले न घेता निम्मे तसे घ्यावेत. पिकलेले फळ फ्रीजमध्ये ठेवल्यास त्याचा वास दुधाला लागतो, डब्यात बंद करून ठेवावे. डागी फळांची दही-मोहरी लावून कोशिंबीर, गूळ घालून भाजी किंवा चिंचगुळाचे पंचामृत उत्तम होते. ज्यांना दातांमुळे बिया चालत नाहीत त्यांनी गर गाळून सरबत करावे.

पेरूचा हंगाम नसेल तेव्हा

हीच पद्धत धारवाडच्या पश्चिमेला केळगेरी, मुगद, कलकेरी या बाजूच्या आमराईंनाही लागू पडते. इकडचा आपूस कोकणातल्या आंब्याच्या मागून, मे महिन्यात भरात येतो. 2018 साली 'हापूस'चे भौगोलिक मानांकन कोकणातल्या जिल्ह्यांना मिळाले, तेव्हा आपला आंबा धारवाडचा म्हणूनच घ्यावा आणि द्यावा. चवीला त्याने कमीपणा घ्यायचे कारण नाही. तयार कैऱ्या घेऊन घरी गवताच्या अढीत पिकवाव्यात. कार्बाइडने आंबा पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. आतला साका बाहेरून कोणालाच दिसत नाही, त्यामुळे शेकड्यात दोन-चार फळे तशी निघाली तर तक्रार करू नये.

पूर्वेला नवलगुंद-कुंदगोळकडच्या काळ्या रानात थंडीत ज्वारीचा हुरडा मिळतो. इकडे त्याला 'सीतनी' म्हणतात. हा मात्र ओळखीच्या शेतावर आमंत्रणानेच खाण्याचा प्रकार आहे. ज्यांना रोपे आणि जातींची माहिती हवी त्यांनी धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा कृषी मेळा पाहावा. तो दरवर्षी बहुधा सप्टेंबरात भरतो.

बागा राहतील का

पंजाबात 1987 मध्ये 'अपनी मंडी' सुरू झाली. 1999 मध्ये आंध्रात 'रैतु बाजार' आणि तमिळनाडूत 'उळवर संदै' निघाले. महाराष्ट्रातही शहरांतून शेतकरी आठवडे बाजार भरतात. या सगळ्यांचा हेतू एकच, शेतकरी आणि खाणारा समोरासमोर यावेत. नवलूरमध्ये हे कोणत्याही योजनेशिवाय चालत आले आहे, पण त्याला शहराच्या मधोमध असण्याचा धोका आहे. 2020 च्या दुरुस्तीने शेतजमीन खरेदीवरची जुनी बंधने उठली आणि शेतकरी नसलेल्यालाही ती घेता येऊ लागली. दोन शहरांमधल्या जमिनीला जो भाव येतो त्यापुढे पेरूचा कुठलाही भाव टिकत नाही. आम्ही पाहणीला जात होतो त्यांपैकी काही बागांत आता प्लॉटचे दगड उभे आहेत. विकणाऱ्याला दोष देता येत नाही. मुलीचे लग्न, दवाखाना, शिक्षण हे खर्च आपल्यालाही आहेत, आणि आपल्यापैकी कोणी ना कोणी त्या प्लॉटवर घरही बांधले असेल.

आपल्या किलो-दोन किलोंनी बाग वाचेल, असे हिशेबी माणूस म्हणून आम्ही म्हणणार नाही. पण एवढे नक्की आहे की, ज्या घरात पुढची पिढी बाग ठेवायची की नाही याचा विचार करत आहे, तिथे दर हंगामात त्याच तारखांना येणारी, ठरलेला भाव देणारी दहा घरे असणे हा जमेच्या बाजूचा आकडा असतो. त्या नातीने शिक्षण संपवून नोकरी धरली आहे. शनिवार-रविवारी ती आजीजवळ बसते, आणि गेल्या खेपेला तिने जमाखर्चाची वही दाखवली तेव्हा त्यात 'घरची मजुरी' असा नवा रकाना होता. बेरीज त्यामुळे तोट्यात गेली होती. ती म्हणाली, "आता निदान कळतं तरी, काका."

तेव्हा या थंडीत ज्यांना जायचे असेल त्यांनी शेजारच्या दोन-तीन घरांना विचारून एकत्र जावे, सकाळी लवकर निघावे, पिशव्या विसरू नयेत. आणि निघताना पुढच्या वर्षी केव्हा येणार ते सांगून यावे.